भौतिकशास्त्रातून पीक आणि अन्न संशोधनाकडे: एका राशीचा प्रवास

प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.ला सैद्धांतिक भौतिकशास्त्र घेतले, थर्मोडायनॅमिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स मनापासून आवडते, पण पुढचे संशोधन पिकांवर किंवा अन्नावर करायचे आहे. आजवर शिकलेले तिथे कामाला येईल, की पाटी कोरी करून जीवशास्त्रापासून सुरुवात करावी लागेल?

पाटी कोरी करू नका. जीवशास्त्र शिकावेच लागेल, त्यातून सुटका नाही. पण तुम्ही ज्या रासायनिक विभवाची (पदार्थ कुठून कुठे सरकेल हे ठरवणाऱ्या ऊर्जेच्या पातळीची) गणिते सोडवली आहेत, तेच विभव मातीपासून पानापर्यंत, दाण्यापासून कोठारापर्यंत आणि दुधाच्या भुकटीपासून बीजपेढीपर्यंत सगळीकडे काम करत असते. मी स्वतः भौतिकशास्त्रातून धान्य साठवण आणि वाळवणीच्या संशोधनात आले. दोन्हीकडे पाय ठेवून काम करताना मला पटलेली गोष्ट अशी की, आपली खरी मदत समीकरणांच्या अवघडपणाची नसते. योग्य राशी कोणती, म्हणजे नेमके काय मोजायचे, हे ठरवण्याची असते. एका राशीचा माग काढून ते दाखवते.

दहा टक्के ओलाव्याचा गहू महिनोन्महिने टिकतो. दहा टक्के ओलाव्याच्या शेंगदाण्यांना बुरशी लागते. मधात सतरा-अठरा टक्के पाणी असते, तरी तो नासत नाही. ओलाव्याची टक्केवारी हीच मुख्य राशी मानली, तर या तीन वाक्यांची संगती लागत नाही. टाकीत किती लिटर पाणी आहे यावरून नळाला धार येईल का हे कळत नाही, टाकी किती उंचीवर आहे ते पाहावे लागते. इथेही तसेच आहे. बुरशीला, जिवाणूला किंवा मुळाला पाणी किती आहे यापेक्षा ते कोणत्या पातळीवर आहे, म्हणजे ओढून घ्यायला किती ऊर्जा लागेल, याच्याशी कर्तव्य असते. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि तेल पाणी धरत नाही. सगळे पाणी उरलेल्या प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या वाट्याला येते, म्हणून तिथे ते जास्त मोकळे असते. मधात उलट आहे. साखरेच्या रेणूंची इतकी गर्दी असते की पाण्याचे विभव खूप खाली जाते.

ही पातळी मोजण्याची भाषा जोसाया विलार्ड गिब्स यांनी १८७६ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या विषमांगी पदार्थांच्या समतोलावरील प्रबंधात दिली. पुढे गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९०७ मध्ये सक्रियतेची, म्हणजे ॲक्टिव्हिटीची, संकल्पना मांडली. अन्नविज्ञानात आज जिला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात ती हीच. पदार्थावरच्या हवेतला बाष्पदाब भागिले त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याचा बाष्पदाब. शुद्ध पाण्यासाठी १, पूर्ण कोरड्या वस्तूसाठी ०. बंद बरणीत पदार्थ ठेवला आणि समतोल साधला की बरणीतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता भागिले शंभर, हीच त्याची वॉटर ॲक्टिव्हिटी.

मातीचा अभ्यास करणारे मात्र याच राशीला वेगळ्या नावाने आणि वेगळ्या एककात ओळखतात, आणि ती कथा तुमच्यासारख्यांनी जरूर वाचावी अशी आहे. एडगर बकिंगहॅम हे थर्मोडायनॅमिक्समध्ये मुरलेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी त्या विषयाच्या सिद्धांतावर पुस्तकही लिहिले होते. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मृदा विभागात ते काही वर्षे होते, आणि १९०७ मध्ये मातीतल्या ओलाव्याच्या हालचालीवरचा त्यांचा अहवाल आला. त्यात त्यांनी मातीतल्या पाण्यासाठी एक विभव मांडले आणि पाणी या विभवाच्या उतारावरून वाहते असे म्हटले. ओहमच्या किंवा फूरियेच्या नियमासारखेच, फक्त इथे वाहकता स्वतःच ओलाव्यावर अवलंबून. परिमाण विश्लेषणातला पाय (π) प्रमेय ज्यांच्या नावाने तुम्ही शिकलात, तेच हे बकिंगहॅम. तो निबंध नंतरचा, १९१४ चा. १९३१ मध्ये लोरेन्झो रिचर्ड्स यांनी या विचाराला अविनाशितेच्या नियमाची जोड देऊन आंशिक विकलक समीकरण लिहिले. रिचर्ड्स समीकरण अरेषीय आहे. कोरड्या मातीत ओलाव्याची आघाडी इतकी तीव्र होते की संगणकी आकडेमोड अडखळते. उपयोजित गणिताची माणसे आजही त्यावर काम करत आहेत. ज्यांना फक्त कागद-पेन्सिलीचे काम हवे आहे, त्यांच्यासाठीसुद्धा शेतीत जागा आहे, ती अशी.

आता दोन्ही भाषा एकत्र आणू. जलविभव म्हणजे पाण्याचे रासायनिक विभव, शुद्ध पाण्याच्या तुलनेत, मोलर आकारमानाने भागलेले; म्हणून त्याचे एकक दाबाचे येते. सूत्र सरळ आहे: आरटी (वायू स्थिरांक गुणिले निरपेक्ष तापमान) भागिले पाण्याचे मोलर आकारमान, गुणिले वॉटर ॲक्टिव्हिटीचा नैसर्गिक लॉगॅरिदम. २५ अंश सेल्सियसला पहिला गुणक सुमारे १३७ मेगापास्कल येतो. एवढा एक आकडा लक्षात ठेवा आणि वेगवेगळ्या विभागांत शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी एकाच पट्टीवर मांडून बघा.

पाऊस पडून निचरा झालेली माती: उणे ०.०१ ते उणे ०.०३ मेगापास्कलच्या आसपास. पिके कायमची कोमेजतात ती पारंपरिक मर्यादा: उणे १.५. याची वॉटर ॲक्टिव्हिटी काढली तर सुमारे ०.९८९ येते. म्हणजे पीक मरायला टेकले तेव्हाही मातीतल्या पोकळ्यांमधली हवा जवळजवळ ९९ टक्के आर्द्र असते. हे पहिल्यांदा करून पाहिले की विद्यार्थी थबकतात, आणि थबकावे असेच ते आहे. बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते, म्हणजे उणे १३ मेगापास्कल. हवा उपलब्ध असेल तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस ०.८६ पर्यंत वाढतो: सुमारे उणे २१. सर्वांत चिवट बुरश्या आणि यीस्ट ०.६१ च्या आसपास हात टेकतात: उणे ६८. आणि ५० टक्के आर्द्रतेची साधी हवा? उणे ९५.

या पट्टीवरून कितीतरी गोष्टी आपोआप उलगडतात. मातीपासून पानापर्यंत विभवाची घसरण एक-दोन मेगापास्कलची, तर पानापासून हवेपर्यंत नव्वदीच्या पुढची. साहजिकच पाण्याच्या वाटेवरची सर्वांत निर्णायक झडप पानावरच्या पर्णरंध्रांची. झाड पाणी ढकलत नाही, हवा ते ओढते. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेला ससंजन-ताण सिद्धांत हाच. शोलँडर आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाबपात्राच्या साध्या उपकरणाने तो ऋण दाब मोजण्याची सोय केली: कापलेली फांदी पात्रात बंद करायची, देठाचे टोक बाहेर, आणि रस पुन्हा टोकाशी यायला किती दाब द्यावा लागतो ते बघायचे. ते उपकरण आजही शेतात वापरतात.

अन्नाच्या बाजूला हा विचार नेण्याचे मोठे श्रेय ऑस्ट्रेलियातले विल्यम जेम्स स्कॉट यांचे. १९५३ मध्ये त्यांनी स्टॅफिलोकॉकसची वाढ ओलाव्याच्या टक्केवारीशी न जुळता वॉटर ॲक्टिव्हिटीशी जुळते हे दाखवले, आणि १९५७ मध्ये अन्नातल्या सूक्ष्मजीवांच्या जलसंबंधांवर सविस्तर आढावा लिहिला. मीठ लावणे, साखरेत मुरवणे, वाळवणे, गोठवणे या चार वेगळ्या वाटणाऱ्या क्रिया त्यामुळे एकाच वाक्यात बसल्या: पाण्याचे विभव खाली आणा. अमेरिकेच्या अन्ननियमांत ०.८५ हा आकडा मर्यादा म्हणून येतो, त्याचे मूळ या कामात आहे.

पदार्थात एकूण ओलावा किती असताना वॉटर ॲक्टिव्हिटी किती, याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा समतापी वक्र, आयसोथर्म. प्रत्येक धान्याचा, प्रत्येक पदार्थाचा तो वेगळा. आमच्या कामात रोज लागणारी वस्तू हीच. तो वक्र समीकरणात बसवण्याची पद्धत कुठून आली? ब्रुनॉवर आणि एमेट हे अमोनिया बनवण्याच्या लोखंडी उत्प्रेरकांवर काम करत होते. उत्प्रेरकाचे पृष्ठफळ मोजायचे होते. त्यांना सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांची साथ मिळाली आणि १९३८ मध्ये बीईटी समीकरण आले: पृष्ठभागावर रेणूंचे थरावर थर कसे बसतात याचे स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. खताच्या नत्रासाठी लागणाऱ्या उत्प्रेरकावरून निघालेला हा सिद्धांत अन्नशास्त्रज्ञांनी कोरड्या पदार्थांतल्या पाण्याला लावला. बीईटी ०.५ च्या वर चालत नाही. त्याची सुधारित आवृत्ती जीएबी, म्हणजे गुगेनहाइम, अँडरसन, द बोअर, ०.९ च्या आसपासपर्यंत चालते, म्हणून आता तीच वापरतात.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बीईटीमधून पहिल्या थराला किती पाणी लागते तो आकडा निघतो. जिवाणूंचा विचार केला तर पदार्थ जितका कोरडा तितका चांगला, असे वाटते. पण स्निग्ध पदार्थांचे खवट होणे पहिला थर भरण्याच्या आसपास, ०.२ ते ०.४ या पट्ट्यात, सर्वांत मंद असते आणि त्याहून कोरडे केले की पुन्हा वाढते. म्हणजे वाळवणीलाही इष्टतम बिंदू असतो. जास्तीचे इंधन जाळून पदार्थ बिघडवायचा, असे या अज्ञानापायी प्रत्यक्षात घडते.

इथवर सगळे समतोलाचे थर्मोडायनॅमिक्स होते, आणि भौतिकशास्त्रातून आलेली बरीच मंडळी इथेच खूश होऊन थांबतात. थांबू नका. कोरडे अन्न बहुतांश वेळा समतोलात नसतेच. फवारून वाळवलेली दुधाची भुकटी घ्या: लॅक्टोजला स्फटिक व्हायला वेळच मिळालेला नसतो, ते काचेसारख्या अस्फटिक अवस्थेत अडकलेले असते. पूर्ण कोरड्या लॅक्टोजचे काच-संक्रमण तापमान १०० अंशांच्या आसपास, फ्रुक्टोजचे जेमतेम ५ अंश, आणि पाण्याचे उणे १३५ च्याही खाली. थोडा ओलावा शिरला की मिश्रणाचे संक्रमण तापमान झपाट्याने खाली येते. ते खोलीच्या तापमानाच्या खाली गेले की काच मऊ होते, कण एकमेकांना चिकटतात, गठ्ठे होतात, लॅक्टोजचे स्फटिक बनू लागतात, आणि स्फटिक होताना सोडलेले पाणी उरलेल्या भुकटीला आणखी मऊ करते. फळांचे रस फवारून वाळवताना यंत्राच्या भिंतींना का चिकटतात, आणि त्यात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेले, उच्च संक्रमण तापमानाचे कर्बोदक) का घालतात, याचे उत्तर फ्रुक्टोजच्या त्या ५ अंशांत आहे. मिश्रणाचा आकडा काढायला जे गॉर्डन-टेलर समीकरण वापरतात ते १९५२ मध्ये कृत्रिम रबरांसाठी लिहिले गेले. १९८० च्या दशकात हॅरी लेव्हिन आणि लुईस स्लेड यांनी पॉलिमर भौतिकीची ही दृष्टी अन्नविज्ञानात जोरात आणली, तेव्हा वॉटर ॲक्टिव्हिटीवाल्यांशी त्यांचा खडाजंगी वाद झाला. माझे मत: दोन्ही हवेत. सूक्ष्मजीव वाढतील का, याला वॉटर ॲक्टिव्हिटी विचारा. पोत, गठ्ठे आणि स्फटिक यांना काच-संक्रमण विचारा.

बियांमध्ये हीच काच जीव वाचवते. बी पक्व होऊन वाळते तेव्हा पेशींमधला द्रव शर्करा आणि प्रथिनांच्या काचेत बदलतो. रेणूंची हालचाल जवळपास थिजते. विल्यम्स आणि लिओपोल्ड यांनी १९८९ मध्ये मक्याच्या भ्रूणात ही काचावस्था दाखवली. हॅरिंग्टन यांचा जुना आडाखा असा की, बियाण्याचा ओलावा एक टक्क्याने कमी केला, किंवा साठवणीचे तापमान ५ अंशांनी, तर आयुष्य दुप्पट होते. ओलाव्याचा नियम साधारण ५ ते १४ टक्क्यांच्या पट्ट्यातच लागू. बीजपेढ्या बी आधी कमी आर्द्रतेच्या थंड हवेत वाळवतात आणि मग उणे १८ अंशांला ठेवतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्वालबार्डच्या जागतिक बीजकोठारातही तेच तापमान राखतात. पण आंबा, फणस, कोको, रबर यांच्या बिया वाळवल्या की मरतात. त्यांच्यात ही यंत्रणा पुरेशी नाही, आणि का नाही याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. जीवशास्त्र शिकावेच लागेल असे वर म्हटले ते यासाठी. समीकरण सांगेल की पाणी गेल्यावर काच कधी होईल. काच होण्याआधी पेशीपटल फाटेल का, ते पेशीच ठरवते.

अशा मर्यादा आणखीही आहेत. मिठाने आणलेली ०.९० आणि ग्लिसरॉलने आणलेली ०.९० यांना काही जिवाणू वेगळा प्रतिसाद देतात, कारण ग्लिसरॉल पेशीत शिरते. वॉटर ॲक्टिव्हिटी कमी असली म्हणजे जंतू मेले असे अजिबात नाही. कोरड्या पदार्थात साल्मोनेला वाढत नाही, पण दीर्घकाळ जिवंत राहतो आणि उष्णतेला तर ओल्या पदार्थातल्यापेक्षाही कमी दाद देतो. ही समजूत नसलेल्या माणसाने फक्त आलेखावरून सुरक्षिततेचा निर्णय घेतला, तर माणसे आजारी पडतात. आणि कोठारातले धान्य जिवंत असते, श्वसन करते. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळाले की १०८ ग्रॅम पाणी आणि सुमारे २.८ मेगाजूल उष्णता. ओल्या ढिगाच्या आत ही उष्णता साठते, तापमान वाढते, श्वसन आणि बुरशी वाढते, आणखी पाणी तयार होते. उष्णता तयार होते आकारमानात, बाहेर पडते पृष्ठभागातून. म्हणून लहान पोते निभावते आणि मोठा ढीग पेटूही शकतो. फ्रँक-कामेनेत्स्की यांनी स्फोटक मिश्रणांसाठी लिहिलेला औष्णिक स्फोटाचा सिद्धांत इथे थोड्या फेरफाराने लागू पडतो. शिवाय ढिगाची एक बाजू गरम आणि दुसरी गार असेल तर बाष्प गार बाजूला जाऊन तिथे ओल धरते. सरासरी ओलावा अगदी नियमात असताना कोपऱ्यात बुरशी सापडते ती यामुळे, आणि सरासरीवर विसंबून राहणाऱ्या तपासणीतून ती नेमकी निसटते. ॲस्परजिलस फ्लेव्हस ०.८० च्या आसपास वाढू लागते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावल्यावर ते ओळखले गेले. हे विष शिजवूनही सहजी जात नाही. साठवणीच्या संशोधनाला मी कधीच दुय्यम मानले नाही, त्याचे हे एक कारण.

आता तुमच्या मार्गाबद्दल. जलसंबंधांखेरीज इतरही दारे आहेत. ग्रॅहम फार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रकाशसंश्लेषणात कार्बन-१३ (कार्बनचा जड समस्थानिक) किती गाळला जातो याचे समीकरण मांडले, आणि त्यातून कमी पाण्यात जास्त धान्य देणारी रोपे निवडण्याची कसोटी मिळाली. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेले ड्रायस्डेल हे गव्हाचे वाण त्या कसोटीचे फळ. समीकरणापासून शेतापर्यंत वीस वर्षे. एवढा धीर असेल तरच या वाटेला या.

कोणतेही दार निवडा, पण पहिल्या वर्षी हाताने मोजायला शिका. वॉटर ॲक्टिव्हिटीचे दवबिंदू उपकरण महाग असते. ते नसले तरी अडत नाही. झाकणबंद बरण्यांत संपृक्त क्षारांची द्रावणे ठेवा: २५ अंशांना लिथियम क्लोराइडवरची आर्द्रता ११.३ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३२.८, साध्या मिठावर ७५.३, पोटॅशियम क्लोराइडवर ८४.३. तळाशी न विरघळलेला क्षार दिसत राहिला पाहिजे, नाहीतर द्रावण संपृक्त नाही. वर जाळीवर तेलबी आणि तृणधान्य यांचे वजन केलेले नमुने ठेवा, तापमान स्थिर राखा, वजन बदलायचे थांबेपर्यंत थांबा. मग ओव्हनमध्ये वाळवून ओलावा काढा. ओल्या बरण्यांत बुरशी आली तर ते नमुने बाद. एक संच ओल्याकडून कोरड्याकडे न्या, दुसरा कोरड्याकडून ओल्याकडे.

दोन वक्र एकमेकांवर बसणार नाहीत. त्याच वॉटर ॲक्टिव्हिटीला वाळत जाणाऱ्या दाण्यात पाणी जास्त सापडेल. गिब्सच्या समतोलात या फरकाला जागा नाही, म्हणजे तुमच्यासमोर जे आहे तो खरा समतोल नाही. तो का नाही, याची कारणे पोकळ्यांच्या आकारात शोधायची, पॉलिमरांच्या संथ शिथिलनात, की दोन्हींत, यावर अजूनही एकमत नाही. प्रबंधासाठी मार्गदर्शक शोधायला जाल तेव्हा तुमचे हे दोन वक्र सोबत घेऊन जा.